रंग, चव, वास आणि त्यापलीकडचे पाणी

वजूच्या पाण्याची ओळख आपल्या घरांत मुलांना लवकर करून दिली जाते. वाहत्या किंवा मोठ्या साठ्याच्या पाण्यात घाण पडून त्याचा रंग, चव किंवा वास बदलला, तर ते पाणी नापाक. डोळे, जीभ आणि नाक ही साधने प्रत्येकाजवळ असतात, म्हणून हा नियम कोणालाही पाळता येतो. पण वजूला चालणारे प्रत्येक पाणी पिण्याजोगे असतेच असे नाही. आपल्या सोलापुरात हा फरक समजून घेणे आज फार गरजेचे आहे.

आमच्या नवी पेठेत नळाला रोज पाणी येण्याची सवय कोणालाच नाही. शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी मिळत आले. मधल्या दिवसांत घर चालते ते बोअरवर. भांडी, कपडे, वजू बोअरच्या पाण्यावर आणि पिण्यासाठी नळाचे, अशी वाटणी बहुतेक घरांत असते. नळाचे पाणी संपले की ही वाटणी मोडते. तहानलेले मूल हाताशी येईल त्या भांड्यातून पाणी पिते.

वर्गात मी मुलांकडून एक सोपा प्रयोग करून घेते. दोन सारख्या बाटल्या, एकीत नळाचे पाणी, दुसरीत बोअरचे. दोन्हींत साबणाचा सारखाच किस टाकून हलवायचे. एकीत फेस चढतो. दुसरीत बहुधा फेस बसतो आणि पांढरट साका तरंगतो. हे जड पाणी. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. डाळ शिजायला वेळ लागतो, नळाच्या तोटीवर पांढरे थर चढतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जडपणा निदान घरात दिसतो तरी. नायट्रेट मात्र दिसत नाही.

नायट्रेटला रंग, चव, वास यांपैकी काहीच नाही. संडासाची टाकी, फुटलेले ड्रेनेज, जनावरांचे शेण, शेतातले रासायनिक खत यांतून ते जमिनीत झिरपते. मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत कसलीही सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते; ओठ आणि नखे निळसर पडतात. माता-भगिनींनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. तुरटीनेही ते जात नाही.

सोलापूरची जमीन काळ्या पाषाणाची. वरचा मुरूम आणि खालच्या खडकातल्या भेगा, एवढ्यातच पाणी साठते. या भेगा घराच्या हद्दी ओळखत नाहीत. माझ्या अंगणातला बोअर आणि शेजारच्या दुकानाखालचा बोअर एकाच भेगेवर असू शकतात. म्हणून आटलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडून देणे भयंकर आहे. मातीच्या थरांतून गाळले न जाता ती घाण सरळ भेगेत उतरते आणि शेजाऱ्याच्या हंड्यात निघते. टाकी भरल्याचा खर्च वाचवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

जे जमिनीखाली, तेच नदीवर. एकरुख तलाव १८७१ साली पूर्ण झाला तेव्हा शहराजवळच पाणी साठवता येत होते. आज आपली मुख्य भिस्त उजनीवर आणि भीमा नदीवर आहे. भीमा भीमाशंकरला उगम पावते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून तिच्यात येते, मग उजनीत. धरणातून नदीत सोडलेले पाणी पंढरपूरवरून औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून शहरासाठी उचलले जाते. पुणेकरांनी आपली घाण धुऊन पाणी पुढे सोडावे, ही आपली तक्रार रास्तच आहे.

पण नदी आपल्यापाशी संपत नाही. आपल्या शहराचे सांडपाणी सीनेकडे जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत सीनेचा सोलापूर ते बंकलगी हा भाग घातला आहे. सीना हत्तरसंग कुडलला भीमेत मिळते, म्हणजे आपण पाणी उचलतो त्या जागेच्या खाली. आपली घाण आपल्या नळाला येत नाही. ती पुढे अफझलपूर, कलबुर्गीकडच्या लोकांकडे जाते. तिथेही आपल्यासारखीच घरे आहेत, आपल्यातल्या अनेकांची सोयरीकही तिकडे आहे.

कृष्णा खोऱ्याच्या पाण्यावर राज्यांची भांडणे झाली. १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला गेला. त्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. या आकड्यांत पाणी किती हे ठरले, कसे हे नाही. घाण पाणी पुढे ढकलूनही हिस्सा पुरा भरतो.

आपल्या फिकहमध्ये विहिरीचा 'हरीम' सांगितला आहे. विहिरीभोवती ठराविक हात जागा राखायची, तिथे दुसऱ्याने विहीर खोदायची नाही. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यानेही सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. दोन्हींमागे एकच विचार आहे: पाण्यावर शेजाऱ्याचा हक्क असतो. तो बुडवला तर हक्कुल इबादचा सवाल उभा राहतो.

मग घरापासून सुरुवात करू या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बोअरचे पाणी तपासून घ्यावे, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू यांची नावे घेऊन तपासणी मागावी. टीडीएसचा छोटा मीटर फक्त एकूण क्षार सांगतो; नायट्रेट आणि जंतू त्याला कळत नाहीत. बोअरच्या तोंडाशी सिमेंटचा कट्टा हवा, म्हणजे गटाराचे पाणी आत जाणार नाही. आटलेला बोअर झाकून बंद करावा, त्यात घाण सोडू नये. मशिदीच्या आणि घराच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी मात्र वाळू-खडीतून गाळून जमिनीत मुरवावे. पहिल्या पावसाचे धुऊन आलेले पाणी सोडून द्यावे.

तपासणीचा निकाल आला की तो मोटारीच्या बटणाजवळ भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. पाणी पिण्याजोगे नसेल तर तसे मराठीत आणि उर्दूत लिहावे, म्हणजे भाडेकरूला, पाहुण्याला आणि शेजारच्या लहान मुलालाही ते वाचता येईल.