ब्रायटनचे गोटे

पिंपळगाव बसवंतला समुद्र नाही. द्राक्षाच्या बागा आहेत, टोमॅटो-कांद्याची बाजार समिती आहे, मुंबई-आग्रा महामार्गावर रात्रंदिवस पळणारे ट्रक आहेत. पण पाणी म्हणजे विहिरीचं नाहीतर कालव्याचं. इथल्या पोरांना समुद्र बहुधा शाळेच्या सहलीत पहिल्यांदा भेटतो. अशाच एका बागाईतदाराच्या घरातला मुलगा लंडनला शिकायला गेला आणि पहिल्याच सुट्टीत चार मित्रांबरोबर ब्रायटनला जाऊन आला. मोबाइलवर फोटो आले तसं आजीनं चष्मा सारखा केला आणि विचारलं, "समुद्र दिसतोय, पण वाळू कुठंय रे?"

आजीनं नेमकं बोट ठेवलं. ब्रायटनच्या किनाऱ्यावर गोटे आहेत. तपकिरी, करडे, पांढुरके, लाटांनी घासून गुळगुळीत झालेले चकमकीचे लाखो गोटे. ओहोटीला खाली थोडी वाळू उघडी पडते, तेवढीच. अनवाणी चालायचं तर पाय जपून टाकावा लागतो. लाट मागं सरली की हे गोटे एकमेकांवर आपटत उतारावरून घरंगळतात आणि तो आवाज बराच वेळ कानांत राहतो.

१९०९ च्या उत्तरार्धात याच गोट्यांवर नाशिक जिल्ह्यातला एक विद्यार्थी आपल्या मित्राबरोबर येऊन बसला होता. भगूरचे विनायक दामोदर सावरकर, वय २६, लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचे विद्यार्थी. मराठी माणसाच्या ओठांवर असलेली 'सागरास' ही कविता तिथे झाली.

त्या वर्षाची हकिकत चरित्रांतून सविस्तर आलेली आहे, इथे धावती आठवण पुरे. मुलगा प्रभाकर गेल्याची बातमी आली. जूनमध्ये थोरले बंधू बाबाराव यांना नाशिकला कविता छापल्यावरून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १ जुलैला मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या, १७ ऑगस्टला त्यांना फाशी झाली. ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरचं हिंदी विद्यार्थ्यांचं वसतिगृह 'इंडिया हाउस' बंद पडलं आणि ग्रेज इननं सावरकरांना बॅरिस्टरीची सनद नाकारली.

अशा वेळी माणूस ब्रायटनला का जातो? लंडनकर जातात म्हणूनच. अंतर सुमारे ८० किलोमीटर. १८४१ मध्ये रेल्वे आली आणि ब्रायटन हे राजधानीचं अंगण झालं. सकाळी निघावं, खारा वारा खावा, दिवेलागणीला परत. १९०८ मध्ये सुरू झालेली 'सदर्न बेल' ही ऐषारामी गाडी तर तासाभरात पोचवायची. समुद्रात आत शिरलेला पॅलेस पिअर १८९९ पासून तिथे आहे. किनाऱ्याला समांतर धावणारी मॅग्नस व्होल्क यांची विजेची छोटी रेल्वे १८८३ मध्ये सुरू झाली. सावरकरांचं जन्मवर्षही तेच.

त्या दिवशीच्या सोबत्याबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं, आणि प्रस्तुत लेखकाला ती मोठी उणीव वाटते. निरंजन पाल हे राष्ट्रीय चळवळीतले नेते बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव, तेव्हा जेमतेम विशीचे. बोलता बोलता सावरकर भरून आले आणि ओळी सुचत गेल्या, ही आठवण निरंजन यांनी पुढे लिहिली म्हणून आपल्याला कळली. म्हणजे मराठीतल्या एका थोर कवितेच्या जन्माची साक्ष बंगाली माणसाची आहे! हेच निरंजन पुढे चित्रपटांकडे वळले. हिमांशू राय यांच्या 'प्रेम संन्यास' (१९२५) या मूकपटाची पटकथा त्यांची, आणि बॉम्बे टॉकीजच्या १९३६ च्या 'अछूत कन्या'ची कथाही त्यांचीच. अशोककुमार-देविकाराणी यांची ती जोडी पाहायला गर्दी करणाऱ्या किती प्रेक्षकांना या लेखकाची ब्रायटनची आठवण ठाऊक असेल?

कवितेतला मुलगा समुद्राशी भांडतो. मातृभूमीचे पाय धुताना ज्याला पाहिलं, त्यानंच जग दाखवतो म्हणून दूर आणलं, परत नेण्याचं वचन दिलं आणि आता हा हसतो, अशी ती तक्रार. इथल्या भव्य प्रासादांपेक्षा आईची झोपडी प्यारी, असंही तो सांगतो. प्रस्तुत लेखक ब्रायटनला गेला तेव्हा या जागेशी येऊन अडखळला, कारण किनाऱ्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर खरोखरच एक प्रासाद आहे. जॉन नॅश यानं १८१५ ते १८२३ या काळात राजासाठी घडवलेला रॉयल पॅव्हिलियन. आणि त्याचे घुमट, मिनार, जाळ्या सगळं हिंदुस्थानी घाटाचं! घराच्या आठवणीनं तळमळणाऱ्या मुलासमोर परक्या राजानं उभारलेला हिंदुस्थानचा देखावा. सावरकरांनी तो त्या दिवशी पाहिला का, हे कविता सांगत नाही. पण पाहिला असता तर झोपडी अधिकच आठवली असती, असं लेखकाचं मत आहे.

याच पॅव्हिलियनमध्ये १९१४ च्या डिसेंबरपासून जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. ब्रायटनमध्ये दगावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. बस अलीकडेच सोडून कुरणातून चढत जावं लागतं. मेंढ्या चरत असतात, खाली दूरवर समुद्राची रेघ. ब्रायटनला जाणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्यानं पिअरवरचा एक तास वाचवावा आणि इथे यावं.

कवितेच्या शेवटाकडे समुद्राला अगस्तीची आठवण करून दिली आहे, एका आचमनात सागर पिणाऱ्या ऋषीची. आपल्याकडच्या माणसाला ही नुसती पुराणातली गोष्ट वाटत नाही. अगस्तींचा आश्रम शेजारच्या अकोल्यात प्रवरेकाठी दाखवतात. दारणेकाठच्या भगूरमधल्या मुलाला परक्या किनाऱ्यावर धाक घालायला तोच ऋषी आठवला.

समुद्रानं त्यांना परत आणलंही, पण कैदी म्हणून. मार्च १९१० मध्ये व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली, ८ जुलैला मार्सेलिसला 'मोरिया' बोटीतून त्यांनी उडी घेतली, पुन्हा पकडले गेले आणि त्याच महिन्यात मुंबईला उतरवले गेले.

पिंपळगावच्या त्या मुलाला आजीसाठी ब्रायटनचा एक गोटा आणायचा होता. किनाऱ्यावरचे गोटे नेण्यास मनाई आहे, असं तिथल्या मित्रांनी सांगितलं. मग त्यानं लाट मागं सरतानाचा आवाजच मोबाइलवर टिपून पाठवला. आजीनं फोन कानाला लावला. "सुपात हरभरे पाखडल्यागत वाटतंय," ती म्हणाली, आणि पुन्हा लावायला सांगितलं.