टेलोमरेज वाढलं म्हणजे लिव्हरचा कॅन्सरच?

विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळो न मिळो, आरोग्याचा सल्ला मिळतोच. परवा वसईच्या एका काकांनी मोबाइल पुढे केला. 'टेलोमरेज तपासा, लिव्हरचा कॅन्सर आधीच कळेल.' खरं का, म्हणाले. अर्धंच खरं.

गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात; साडीचा काठ विरू नये म्हणून फॉल लावतात, तसे. पेशी दुभंगते तसे ते झिजतात आणि फारच झिजले की पेशीची वाढ थांबते. टेलोमरेज हे विकर ही झीज भरून काढतं. कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना ते 1984 मध्ये तळ्यातल्या एका एकपेशीय जिवात सापडलं. जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं 2009 मध्ये, म्हणजे आपली वसई-विरार महानगरपालिका झाली त्याच वर्षी.

निरोगी शरीरात टेलोमरेज नसतंच, हा पहिला गैरसमज. मूळ पेशींत ते असतं, आणि संसर्गाशी झुंजणाऱ्या लिम्फोसाइट पेशींतही. खरी मेख इथेच आहे. हिपॅटायटिसने सुजलेल्या लिव्हरमध्ये नेमकी याच लिम्फोसाइटची गर्दी असते, त्यामुळे कॅन्सर नसतानाही चाचणी 'आहे' म्हणू शकते. लिव्हर कॅन्सरच्या बहुतेक गाठींत टेलोमरेज जागं झालेलं असतं हे खरं, पण सगळ्या गाठींत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर कधी कधी टेलोमरेजच्या जनुकाशेजारीच स्वतःचा डीएनए घुसवतो. संशोधकांसाठी हा मोठा धागा आहे. रोजच्या निदानात मात्र ही चाचणी अजून आलेली नाही.

मग निदान कशावर? सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) असेल तर बहुतेकदा रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटी किंवा एमआरआयवर. गाठीत रंगद्रव्य झटकन भरतं आणि लवकर ओसरतं. चित्र असं स्पष्ट असेल तर सुई घालून तुकडा काढावाच लागतो असं नाही.

एएफपी या रक्ततपासणीबद्दल 'एएफपी नॉर्मल आलं, सुटलो,' असंही ऐकू येतं. लहान गाठींत ते नॉर्मल राहू शकतं. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, रिपोर्ट कितीही चांगला असो.

आणि 'मी दारूला शिवत नाही' हे कवच नव्हे. हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह, फॅटी लिव्हर यांमुळेही हा कॅन्सर होतो. हिपॅटायटिस बीमध्ये तर सिरॉसिसशिवायही. माळ घालून हिपॅटायटिसची कावीळ 'उतरवली' तरी विषाणू रक्तात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकू शकतो. डोळे पांढरे झाले म्हणजे तो गेला, असं नाही.

काकांना मी टेलोमरेजऐवजी हिपॅटायटिस बीची साधी एचबीएसएजी रक्ततपासणी करायला सांगितलं. हिपॅटायटिसची तपासणी आणि औषधं 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल, तर बाकीच्यांनीही एकदा रक्त तपासून घ्या, आणि नवजात बाळाला लशीचा पहिला डोस 24 तासांच्या आत मिळाला का, ते विचारा.