घरबसल्या कार्यालय : लाभ कोणाचा?
शांघायमधील जागांची भाडी वाढू लागली, तेव्हा सीट्रिप या पर्यटन कंपनीने कर्मचाऱ्यांना घरूनच काम देऊन पाहण्याचे ठरविले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांच्या सहकार्याने २०१० च्या अखेरीस कॉल सेंटरमधील इच्छुकांवर नऊ महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. सम तारखेस जन्मलेल्यांनी आठवड्यातील चार दिवस घरून, इतरांनी कार्यालयातूनच काम करावयाचे होते. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र त्या कामगिरीच्या मानाने बढती मिळाली नाही (नजरेआडचा माणूस साहेबांना आठवत नाही, हे तेथेही खरे!). एकाकीपणाही जाणवला. प्रयोगानंतर त्यांच्यातील सुमारे निम्मे कार्यालयात परतले. निवडीची ही मुभा मिळाल्यावर कंपनीचा लाभ २२ टक्क्यांवर गेला.