आईला स्किझोफ्रेनिया आहे, मी जीन टेस्ट करू का?

विठ्ठलवाडीतून बोलतोय, मागे लोकलचा आवाज येणार, चालवून घ्या. मेसेजमध्ये हाच प्रश्न सारखा येतोय, म्हणून आज तोच.

सरळ सांगतो, 'होणार' किंवा 'नाही होणार' असं सांगणारी टेस्टच नाहीये. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर शंभरात सुमारे दहा मुलांना. म्हणजे नव्वद जणांना होतच नाही! अगदी हुबेहूब जुळ्यांमध्येही एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता फार तर निम्मी. जीन्स तेच असून.

आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, हा एका ओळीतला बग नाही. 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात जीनोममधल्या 287 जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम किरकोळ. बेरीज करून स्कोअर काढतात, पण डेटा बहुतेक युरोप आणि पूर्व आशियातला. आपल्याला तो नीट लागू पडेलच असं नाही. त्यामुळे त्यासाठी ऑनलाइन किट मागवणं मला तरी पैसे वाया घालवणं वाटतं.

बरं, उद्या पक्की टेस्ट आली तर? हंटिंग्टन आजार बघा. यात हालचालींबरोबर मनही बिघडतं, आणि दोष एकाच जीनमध्ये. तो 1993 ला सापडला. त्याआधी विचारलं तेव्हा धोक्यातले बहुतेक जण 'करू की' म्हणाले होते. टेस्ट आल्यावर बऱ्याच देशांत पाचातल्या एकानेही ती केली नाही. तो जीन शोधण्यात पुढे असलेल्या नॅन्सी वेक्सलर यांची आईच या आजाराने गेली होती. स्वतःला तो झाल्याचं त्यांनी जाहीर केलं थेट 2020 मध्ये.

आपल्याकडे तर आणखी एक गाठ आहे, स्थळाची. रिपोर्ट तुमचा, पण तो बहिणीच्या लग्नातही निघणार. 'त्यांच्या घराण्यात आहे हो' एवढं पुरतं. म्हणून घरातल्यांशी आधी बोला. विम्याचं म्हणाल, तर 2018 ला दिल्ली हायकोर्टाने जनुकीय आजार सरसकट वगळणं चुकीचं ठरवलं.

आत्ता हातात काय आहे? गांजापासून लांब राहा, त्याने धोका वाढतो हे नक्की. झोप उडाली, उगाच संशय यायला लागले, कुणी नसताना आवाज ऐकू आले, तर थांबू नका, डॉक्टर गाठा. टेली-मानसचा 14416 फुकट आहे, मराठीतही बोलतात.