लिव्हरला सूज, रिपोर्ट मात्र गप्प!

अंगात सूज कुठेही असो, गुडघ्यात, फुप्फुसात किंवा हिरडीत, ती दाखवणारं रक्तातलं प्रथिन, म्हणजे सीआरपी, मुख्यतः यकृतच तयार करतं. आता यकृतच आजारी पडलं तर? सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत जखमांच्या व्रणांनी घट्ट होतं त्या आजारात, नेमकं हेच होतं. जंतुसंसर्ग जोरात असतो आणि सीआरपी चढतो बेताचाच. म्हणून अशा रुग्णाचा 'नॉर्मल' आकडा बघून घरच्यांनी निर्धास्त होऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

हा सीआरपी सापडला १९३० साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. टिलेट आणि फ्रान्सिस तेव्हा न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते.

सूज ओळखायची दुसरी तपासणी ईएसआर, म्हणजे तासाभरात तांबड्या पेशी नळीत किती मिलिमीटर खाली बसल्या त्याचं माप. रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढलं की पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक चिकटतात आणि भरभर खाली जातात. फायब्रिनोजेनही यकृताचंच! जुन्या यकृतविकारात ते घटलं तर ईएसआर उतरतो, ग्लोब्युलिन ही दुसरी प्रथिनं वाढली तर चढतो. एकाच आजारात दोन दिशा.

सूज दाखवणारं प्रथिन प्रत्येक प्राण्यात तेच नसतं; आता शेळीकडे या. शेळीच्या रक्तात सूज शोधायला सीआरपी फारसा उपयोगी नाही, तिथे हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन बघतात. निरोगी शेळीत ते जेमतेम सापडतं आणि आजारात एकदम उसळतं. माणसाच्या रक्तात ते कायमच असतं.

शेळीलाही यकृताचा जुनाट आजार होतो. तळ्याकाठच्या गोगलगायींमधून पर्णकृमीची पिल्लं चाऱ्यावर येतात, पोटात गेल्यावर यकृत पोखरतात आणि पित्तनलिकांत ठाण मांडतात. मग रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरतं, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि जबड्याखाली पिशवी लोंबू लागते. जबड्याखालीच का? दिवसभर मान खाली घालून चरल्यामुळे पाणी तिथे उतरतं. रात्री मान वर राहिली की सकाळी सूज ओसरलेली दिसते. माणूस उभा चालतो, म्हणून त्याचे पाय सुजतात.

अल्ब्युमिनची गती सीआरपीहून अगदी निराळी. रक्तातला सीआरपी १९ तासांत निम्मा होतो, अल्ब्युमिनला सुमारे तीन आठवडे लागतात. एक आजची बातमी देतो, दुसरं गेल्या महिन्याची.

म्हणूनच सिरॉसिसच्या रुग्णाच्या पोटात पाणी झालं, की डॉक्टर रक्ताच्या आकड्यांवर विसंबत नाहीत. ताप नसला, सीआरपी बेताचा असला, तरी सुईनं थोडं पाणी काढून तपासायला पाठवतात. एका घन मिलिमीटरमध्ये २५० किंवा जास्त न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसल्या, की संसर्ग धरून, कल्चरच्या (जंतू वाढवून बघण्याच्या) रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू.