बत्तीस अंशांच्या आत

आखातातल्या मोठ्या कामावर ट्रान्झिट मिक्सर फाटकातून आत आला की काँक्रीटचा माल ओतण्याआधी दोन गोष्टी तपासल्या जातात. माल किती पातळ आहे हे आपल्याकडेही पाहतात. तिथे त्याच्या जोडीला थर्मामीटरची दांडी मालात खुपसली जाते. आकडा साधारण बत्तीस अंशांच्या वर गेला की गाडी परत. बाहेर हवा पंचेचाळीस अंशांवर असते, उन्हातली सळई हाताला चटका देते, आणि अशा ठिकाणी ओले काँक्रीट हवेपेक्षा बारा-तेरा अंशांनी थंड राहिले पाहिजे, असे करारात लिहिलेले असते.

हा आकडा कागदावर यायला मोठी किंमत मोजावी लागली. वाळवंटी शहरातले पूल, बोगदे आणि गटारे कशी बांधली गेली याचा इतिहास याच आकड्याभोवती फिरतो. आणि त्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा ताप मोजायला मात्र तीच शहरे उशिरा शिकली.

पहिली पिढी: दहा-पंधरा वर्षांची

१९६६ मध्ये दुबईच्या समुद्रात तेल सापडले आणि शहर घाईला लागले. १९७२ मध्ये रशीद बंदर, १९७५ मध्ये खाडीखालचा शिंदगा बोगदा, १९७९ मध्ये जबल अली बंदर. कुवेत, बहरीन, दोहा, अबू धाबी सगळीकडे हीच लगबग होती. पैसा होता, सिमेंट जहाजाने येत होते, आणि आराखडे व मानके बहुतांशी ब्रिटिश होती, म्हणजे थंड, ओल्या हवेसाठी लिहिलेली.

त्या काळातल्या इमारती आणि पुलांपैकी अनेकांना दहा-पंधरा वर्षांतच पोपडे सुटू लागले. सळईच्या रेषेत तडे, तड्यातून तांबूस पाणी, मग सळईवरच्या काँक्रीटचा अख्खा थर खाली. कारण मिठात होते. गोड्या पाण्याची टंचाई असल्याने काही ठिकाणी मचूळ पाण्यातच माल कालवला गेला. किनाऱ्यावरची वाळू न धुता वापरली गेली. खडीतही मीठ होते.

निरोगी काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते, त्याचा सामू साडेबारा-तेराच्या आसपास असतो. या वातावरणात सळईवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तिला गंजापासून वाचवतो. मिठातले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की हा थर जागोजागी फुटतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागते, काँक्रीटला ताण सोसत नाही, आणि ते आतून फुटते. उष्णता या सगळ्याला वेग देते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. लंडनला चाळीस वर्षे लागणारी झीज आखातात दहा वर्षांत का दिसावी, याचे उत्तर इथे आहे.

वाळवंट म्हटले की कोरडी हवा डोळ्यासमोर येते. पण आखाताच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दमटपणा प्रचंड असतो आणि रात्री खारट दव पडते. दिवसा ते सुकते, मीठ पृष्ठभागावर राहते, पुढच्या रात्री पुन्हा ओल. खालूनही सुटका नाही. किनाऱ्यालगतच्या ज्या खारट सपाट जमिनीला अरबीत 'सबखा' म्हणतात, तिथे भूजल वीत-दोन वितींवर असू शकते आणि ते समुद्राहून खारट असते. बुर्ज खलिफाच्या पायाखालच्या भूजलात क्लोराइडचे प्रमाण ४.५ टक्क्यांपर्यंत आणि सल्फेटचे ०.६ टक्क्यांपर्यंत आढळले होते. त्या इमारतीची चर्चा तिच्या उंचीवरून होते, पण अभियंत्यांची कसोटी जमिनीखाली लागली होती. पाइलच्या, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांच्या, मालात पंचवीस टक्के फ्लाय ॲश (औष्णिक केंद्रांतली राख) आणि सात टक्के सिलिका फ्यूम घातले गेले, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.३२ वर आणले गेले, आणि ३.७ मीटर जाडीच्या राफ्टखाली, म्हणजे पायाच्या अखंड स्लॅबखाली, गंज रोखण्यासाठी टायटॅनियमची जाळी अंथरून तिच्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडण्याची सोय केली गेली.

ही शहाणीव १९८० च्या दशकातल्या दुरुस्त्यांतून आली. १९८४ मध्ये सीआयआरआयए या ब्रिटिश बांधकाम-संशोधन संस्थेने आखातातल्या काँक्रीटसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. १९८५ मध्ये बहरीनच्या अभियंत्यांनी 'आखातातील काँक्रीटची झीज व दुरुस्ती' याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. परक्या हवेची मानके इथे चालणार नाहीत, हे तिथून अधिकृतपणे मान्य झाले.

वाळूच्या देशात वाळू नाही

वाळवंटात वाळू अमाप, पण बांधकामाला ती जवळजवळ निरुपयोगी. वाऱ्याने हजारो वर्षे घासलेले तिचे कण मोहरीसारखे गोल आणि फार बारीक असतात. ते एकमेकांत अडकत नाहीत आणि पाणी जास्त पितात. म्हणून अमिरातीत खडी आणि बरीचशी वाळू येते ती पूर्वेच्या हजर डोंगररांगांतून, फुजैरा आणि रास अल खैमाच्या खाणींतला गॅब्रो व चुनखडक फोडून. पाम जुमेराच्या भरावासाठीसुद्धा वाळवंटातली वाळू न घेता समुद्रतळ उपसला गेला. कालवायचे पाणीही समुद्राचेच, पण क्षार काढून गोडे केलेले. सिमेंटचा काही भाग कमी करून त्याजागी स्लॅग किंवा फ्लाय ॲश घालतात. त्याने मालाची उष्णता उतरते आणि मिठाला आत शिरायला वाट अरुंद होते. या राखेत भारतातल्या औष्णिक केंद्रांतून जहाजाने गेलेली राखही असते.

आता राहिला थंडपणाचा प्रश्न. मालातला सत्तर-पंचाहत्तर टक्के भाग खडी-वाळूचा असतो, म्हणून तिचे ढीग आधी सावलीत ठेवतात आणि खडीवर पाण्याचा फवारा मारतात. मग पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालतात. हिशेब सोपा आहे. पाच अंशांचे एक किलो थंड पाणी तीस अंशांपर्यंत जाताना २५ किलोकॅलरी उष्णता शोषते. तेवढाच बर्फ आधी वितळण्यासाठी ८० आणि मग तीस अंशांपर्यंत जाण्यासाठी ३०, म्हणजे एकूण ११० किलोकॅलरी घेतो. चौपटीहून जास्त. म्हणून तिथल्या माल कालवणाऱ्या बॅचिंग प्लांटला लागून बर्फाचा कारखाना दिसतो. गाडी रिकामी होण्याआधी बर्फाचा शेवटचा कणही वितळलेला असला पाहिजे, नाहीतर काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात.

एवढे करूनही भर उन्हात स्लॅब भरणे शहाणपणाचे नसते. ऊन, वारा आणि गरम माल एकत्र आले की पृष्ठभागावरचे पाणी झपाट्याने उडते. दर चौरस मीटरला तासाला एक किलोच्या वर पाणी उडू लागले की माल घट्ट होण्याआधीच त्यावर जाळीदार तडे पडण्याचा धोका असतो, हा अमेरिकन काँक्रीट संस्थेने रूढ केलेला निकष आहे. म्हणून मोठे काम रात्री. गवंडी लोकांना चटकन सुचणारा उपाय, माल घट्ट वाटला की पाइपने थोडे पाणी मारायचे, तोच सर्वांत घातक ठरतो. ताकद घटते आणि मिठाला आत जायला सूक्ष्म वाटा मिळतात. गरम हवेत भरलेला माल पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरदार ताकद दाखवतो, पण अठ्ठावीस दिवसांनी थंडाव्यात भरलेल्या मालाच्या मागे पडतो. लवकर मिळालेले यश इथे टिकत नाही.

जाड भागांत आणखी एक संकट असते. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतूनच उष्णता निघते आणि ती आत कोंडते. गाभा सत्तर अंशांपुढे गेला तर काही वर्षांनी काँक्रीट आतून फुगून तडकू शकते. गाभा आणि पृष्ठभाग यांच्यातला फरक वीस अंशांपुढे गेला तरी तडा पडण्याचा धोका असतो. म्हणून जाड राफ्टमध्ये तापमापक तारा पुरून आकडे दिवसेंदिवस नोंदवले जातात, आणि ओले गोणपाट व त्यावर प्लास्टिक दिवसचे दिवस हलवले जात नाही.

कारखान्यात ओतलेली मेट्रो

वाळवंटात काम जिंकायचा एक मार्ग म्हणजे ते वाळवंटातून बाहेर काढणे. दुबई मेट्रोने तेच केले. २००५ मध्ये जपानी आणि तुर्की कंपन्यांच्या 'दुबई रॅपिड लिंक' या गटाला काम मिळाले, २००६ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ९ सप्टेंबर २००९ ला लाल मार्गाचा पहिला टप्पा धावू लागला. ५२ किलोमीटरच्या या मार्गाचा बहुतेक भाग जमिनीच्या वर, खांबांवर आहे. त्याच्या पन्हळीसारख्या पुलाचे तुकडे कास्टिंग यार्डात ठरलेल्या साच्यांत ओतले गेले, तिथेच पिकवले गेले आणि मग ट्रकवरून आणून खांबांवर केबलने ताणून जोडले गेले. उन्हात जे काम उरले ते जुळवणीचे. दोन वर्षांनी, ९ सप्टेंबर २०११ ला, हिरवा मार्गही सुरू झाला.

जमिनीखालची कामे लोकांच्या डोळ्यांआड राहिली, पण तीच अधिक अवघड होती. अबू धाबीत ४१ किलोमीटरचा खोल मलजल बोगदा खोदला गेला. सगळे सांडपाणी उताराने वाहून शहराबाहेर जावे आणि जुनी पस्तीसेक पंपिंग स्टेशने बंद करता यावीत, ही कल्पना. उष्ण शहरात सांडपाणी गटारात असतानाच कुजते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. बोगद्याच्या छताशी राहणारे जिवाणू या वायूचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते आम्ल काँक्रीट खात जाते. म्हणून बोगद्याला आतून प्लास्टिकचे अस्तर लावावे लागले.

आणि मग पाऊस. दुबईत वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आत पडतो. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीतल्याच अल ऐनजवळच्या खतम अल शकला येथे चोवीस तासांत २५४.८ मिलिमीटर पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. दुबईत विमानतळाच्या धावपट्ट्यांवर पाणी उभे राहिले, हमरस्त्यांवर गाड्या बुडाल्या. शहराने एक मोठा पर्जन्यजल बोगदा आधीच बांधला होता, पण तो दक्षिणेकडच्या भागापुरता. जून २०२४ मध्ये दुबईने ३,००० कोटी दिरहमची 'तसरीफ' योजना जाहीर केली. २०३३ पर्यंत पर्जन्यजल वाहून नेण्याची क्षमता सातशे टक्क्यांनी वाढवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. मीठ आणि उन्हासाठी तयार झालेले शहर आता पाण्यासाठीही काँक्रीट ओतत आहे.

माणसाचा थर्मामीटर

अमिरातीत उन्हाळ्यातल्या दुपारच्या सक्तीच्या सुट्टीचा नियम २००५ पासून आहे. आज तो १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन असा आहे. मोडणाऱ्या मालकाला दर कामगारामागे पाच हजार दिरहम दंड. पण या नियमात सवलती आहेत. तांत्रिक कारणाने मध्येच थांबवता येत नाहीत अशी कामे वगळलेली आहेत, आणि त्याचे सरकारने दिलेले उदाहरण आहे डांबर टाकणे आणि काँक्रीट ओतणे. काँक्रीटला सावली आणि रात्र मिळावी म्हणून वेळापत्रक बदलते. माणसाची सुट्टी मात्र काँक्रीटसाठीच बाजूला ठेवता येते.

कतारने २०२१ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उन्हातले काम बंद, आणि वर्षभरात कधीही ऊन, दमटपणा, वारा यांचा एकत्रित निर्देशांक ३२.१ अंशांपुढे गेला की काम थांबवायचे. हा निर्देशांक साध्या तापमानापेक्षा वेगळा असतो, तरी आकडा लक्षात राहतो. काँक्रीटला बत्तीस, माणसालाही बत्तीस. फरक एवढाच, की काँक्रीटची मर्यादा कंत्राटांत आधीपासून होती.

मधल्या काळाचा हिशेब 'कार्डिऑलॉजी' या नियतकालिकात २०१९ मध्ये आला. २००९ ते २०१७ या काळात कतारमध्ये हृदयविकाराने मृत्यू नोंदवलेल्या ५७१ नेपाळी कामगारांपैकी सुमारे २०० जणांचे प्राण उष्णतेपासून पुरेसे संरक्षण असते तर वाचू शकले असते, असा त्या संशोधकांचा अंदाज होता. आखातातल्या या मजुरांत भारतीयांची संख्या मोठी आहे, आणि रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांचे चुलीपासून मजल्यापर्यंतचे पैसे तिथूनच आले आहेत.

आपल्यासाठी

मीठ आणि उष्णता ही काही आखाताची मक्तेदारी नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल जेमतेम सोळा वर्षांत, ५ जुलै १९८६ ला कोसळला. ताणलेल्या केबल गंजल्या होत्या. १९७३ च्या वाशीच्या खाडीपुलाच्या केबलांनाही गंजाने ग्रासले आणि पंचवीस वर्षांच्या आत शेजारी दुसरा पूल उभारावा लागला. उष्णतेचे म्हणाल तर मे महिन्यातले चंद्रपूर, अकोला आणि नागपूर आखाताच्या बरोबरीने तापतात आणि तिथे सिमेंटचे रस्ते, उड्डाणपूल, मेट्रो असे सगळे भर उन्हात बांधले जाते. चाळीस अंशांपुढच्या हवेत काँक्रीट कसे करावे याची भारतीय संहिता १९७५ पासून छापील आहे. शहरांच्या उष्णता कृती आराखड्यांतली मजुरांच्या वेळांबद्दलची वाक्ये मात्र बहुतेक सल्ल्याच्याच स्वरूपात असतात.

म्हणून सार्वजनिक कामाच्या प्रत्येक निविदेत दोन कलमे बंधनकारक असावीत: ओतताना मालाचे तापमान किती असावे, आणि कुठल्या उष्णतेला माणसांनी काम थांबवावे, तेही मजुरी न कापता. दोन्ही आकडे कामाच्या फलकावर, खर्च आणि ठेकेदाराच्या नावाशेजारी लिहा. तुमच्या वॉर्डात पुढच्या उन्हाळ्यात रस्ता होणार असेल, तर नगरसेवकाला हे दोन आकडे विचारा.