ओसीडी म्हणजे टापटिपीची हौस नव्हे

एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घरोघरी घागर मोजून वापरली जात होती. अशा वेळीही सारखे हात धुणाऱ्या, ओसीडी म्हणजे मंत्रचळ असलेल्या माणसाला पाण्याची टंचाई कळते. आपण उगीच हात धुतोय, हेही बहुतेकदा कळतं. तरी तो थांबू शकत नाही. म्हणून 'मुद्दाम करतो' हा आरोप मला फार अन्यायाचा वाटतो.

याला स्वच्छतेची आवड म्हणणंही चूकच. आवडीच्या कामानं समाधान मिळतं. इथं 'हाताला काहीतरी लागलंय' हा नकोसा विचार छळतो, हात धुतले की घटकाभर बरं वाटतं आणि शंका पुन्हा हजर होते. यात रोज तासाहून जास्त वेळ जात असेल किंवा कामधंदा अडत असेल, तर तो आजार समजावा.

आणि तो फक्त धुण्यापुसण्याचा नसतो. लातूरला नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी आलेलं एखादं पोर तीच ओळ पुन:पुन्हा वाचत बसतं, ओएमआर शीटवरचा भरलेला गोल प्रश्नाच्या नंबराशी परत परत ताडून पाहतं आणि पेपर अर्धा राहतो. घरचे म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. हा आजार पुष्कळदा याच वयात सुरू होतो.

सगळ्यांत जास्त लपवले जातात ते अभद्र विचार. देवापुढं हात जोडताच मनात शिवी येते. बाळंतिणीला वाटतं, माझ्या हातून बाळाला काही होईल. मग बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे सुरू होतात. खरं तर हे विचार त्या माणसाच्या इच्छेच्या उलट असतात, म्हणूनच तो इतका हादरतो.

घरच्यांची मायाही इथं घात करते. "कडी लावली ना?" याला दहाव्यांदा "हो" म्हटलं की शंकेला खतपाणीच मिळतं. उपचारात नेमकं उलटं शिकवतात: शंका येऊ द्यायची, पण कडी पुन्हा तपासायची नाही. सुरुवात सोप्या भीतीपासून, तज्ज्ञाच्या मदतीनं. सोबत फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या असतात. त्या झोपेच्या नाहीत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. पुरता गुण यायला मात्र आठ ते बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून स्वतःहून बंद करू नका.

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. तिथवर जायचा धीर होत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरावर फोन करा. तो मोफत आहे, रात्री-बेरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.